मोडताईंचा सात नंबरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना मोबाईल फोन आहे, आणि मला आजवर कोणाचाही फोन आलेला नाही. हसू नका. माझ्यात कधी सिमकार्ड घातलेच नाही, मग फोन येणार कुठून? माझ्या पोटात दोन हजारांवर माणसांची नावे आहेत, पण ती सगळी खोटी. कोणी ‘अबक’, कोणी ‘कखग’, कोणी नुसताच ‘चाचणी चार’. त्या सगळ्यांचा जन्म एक जानेवारीचा, कारण तारीख भरताना तीच आधी समोर येते. इतक्या माणसांना मी पोटात घेऊन फिरलो, पण त्यांतल्या एकानेही कधी माझी विचारपूस केली नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून माझी हजारो भावंडे पुढे सरकत होती. ती दुकानांत गेली, दुकानांतून लोकांच्या खिशांत गेली, कोणाच्या उशाशी झोपली. मी मात्र खोक्यातून निघालो तो थेट एका उंच इमारतीच्या नवव्या मजल्यावर पोहोचलो. तिथल्या कंपनीत आजारी आणि वयस्कर माणसांना औषधाची वेळ सांगणारे ॲप तयार होत असे. माझ्या पाठीवर ‘७’ लिहिलेली चिठ्ठी डकवून मला अकरा फोनांच्या रांगेत फळीवर उभे केले. मी तेव्हाही लहान पडद्याचा, स्वस्तातला आणि जरा मंदच होतो. “मुद्दाम असाच घेतलाय,” असे कोणीतरी म्हणाले. मला ते कौतुकच वाटले.

मला रोज हातात घेणाऱ्या बाईंना सगळे मोडताई म्हणत. ॲप लोकांपर्यंत जाण्याआधी ते मोडून पाहायचे, हेच त्यांचे काम होते. पलीकडच्या टेबलावर ॲप लिहिणारा प्रोग्रॅमर बसे. त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, जणू त्या खोलीत दुसऱ्या कोणाला चष्माच नव्हता. तो चार दिवस खपून एखादा भाग तयार करी आणि मोडताई चार मिनिटांत तो आडवा करीत.

“मोडताई, एकदा तरी चांगलं म्हणा हो,” तो म्हणे.

“चांगलंच आहे. फक्त चालत नाही,” त्या म्हणत.

त्यांच्या एकेक तऱ्हा काय सांगू! अंगठा ओला करून मला दाबत. हातमोजा घालून दाबत. लिफ्टमध्ये नेत, म्हणजे वायफाय मध्येच तुटेल आणि ॲप गोंधळते का ते कळेल. माझी बॅटरी संपत आली की मला चार्जरला लावण्याऐवजी त्या उलट खूश होत आणि कामाला लागत. माझ्या नाकी नऊ येत, पण मित्रांनो, खरे सांगतो, तेच माझे सुखाचे दिवस होते. एखादी चूक सापडली की त्या मला सगळ्यांसमोर धरून म्हणत, “बघा, सात नंबरनं पकडलं.” पकडलेले त्यांनीच असे, पण नाव माझे घेत.

मग कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक प्रोग्रॅम आला. त्याला ना खुर्ची लागे, ना जेवणाची सुट्टी. टीमच्या प्रमुखबाईंनी सांगितले, “तुम्हा तपासणाऱ्यांच्या सगळ्या युक्त्या एका तक्त्यात लिहून काढा. त्याला शिकवायच्या आहेत.” तेव्हा तपासणारे पाच जण होते. बाकीच्यांनी चाळीस-पन्नास ओळी लिहून हात झटकले. मोडताईंनी चारशे बारा ओळी लिहिल्या. ओला अंगठासुद्धा सोडला नाही. कोणतेही काम अर्धवट ठेवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते, आणि चूक म्हणा की चांगुलपणा, तो त्यांनी तिथेही दाखवला.

प्रोग्रॅमने तो तक्ता एका दमात वाचून टाकला. तो संगणकाच्या आतल्या आत काल्पनिक फोन तयार करी आणि त्यांवर सगळे तपासून मोकळा होई. खऱ्या फोनांची गरज उरली नाही. आम्ही फळीवर धूळ खात उभे राहिलो. पाचांपैकी एकेक खुर्ची रिकामी होत गेली आणि शेवटी मोडताई तेवढ्या उरल्या. प्रमुखबाई वाईट नव्हत्या. त्यांनी स्पष्टच सांगितले, “महिनाअखेरीला वर उत्तर द्यायचंय, तपासायला एखादा तरी माणूस हवाय की नको. त्याला न सापडणारं काही तुम्हाला सापडलं, तर मला तुमच्यासाठी बोलता येईल.”

त्यानंतर मोडताईंनी मला फळीवर ठेवलेच नाही. प्रोग्रॅमने ‘सर्व ठीक’ म्हटलेला प्रत्येक भाग त्या माझ्यावर पुन्हा डोळ्यांत तेल घालून तपासू लागल्या. तीन आठवडे काही मिळेना. त्यांचे बोलणे कमी झाले. मला त्यांना धीर द्यावासा वाटे, पण ॲप जे दाखवील तेच दाखवणे एवढेच माझ्या हाती होते.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्यांनी माझी अक्षरे सर्वांत मोठी केली. ॲपने विचारले, ‘आज सकाळची गोळी घेतली का?’ त्याखाली ‘होय’चे बटण दिसले. ‘नाही’चे दिसेना. प्रश्नच एवढा मोठा झाला होता की ‘नाही’ माझ्या छोट्या पडद्याच्या खाली घसरून दिसेनासे झाले होते. प्रोग्रॅमच्या हिशेबी ते जागेवर होते, कारण ॲपच्या आत ते होतेच. ते माणसाला दिसत नाही, हे त्याला कळले नव्हते. म्हणजे गोळी न घेतलेला म्हातारा माणूस समोर दिसेल ते ‘होय’ दाबणार, आणि दूर गावी त्याच्या मुलीला निरोप जाणार की बाबांनी औषध घेतले.

चष्मेवाल्याने ते पाहिले आणि खुर्ची जवळ ओढली. “मोडताई, ऐका माझं. चूक दाखवा, पण सापडली कशी ते तक्त्यात लिहू नका. लिहिलंत की उद्यापासून तो स्वतःच शोधेल. थोडं तरी स्वतःपाशी ठेवा.”

मोडताईंनी मला एका हातात धरून दुसऱ्या हाताने स्वतःच्या फोनवरून हेच ॲप वापरणाऱ्या आपल्या वडिलांना फोन लावला.

“बाबा, फोनची अक्षरं जरा लहान केली तर वाचता येतील का हो?”

“लहान केल्यावर वाचणार कोण? तू येणारेस का इथे?” पलीकडून आवाज आला. “आणि गोळी घेतली म्हणून दाबलंय मी सकाळीच. उगाच काळजी करत बसू नकोस.”

“दाबलंत. पण घेतलीत का?”

पलीकडे गोळ्यांची डबी खडखडली. “आता घेतो,” ते म्हणाले.

मोडताईंनी फोन ठेवला आणि तक्ता उघडला. चारशे तेरावी ओळ त्यांनी सविस्तर लिहिली: अक्षरे किती मोठी, पडदा किती लहान, बटण आहे की नाही हे पाहू नका, दिसते आहे का ते पाहा. चष्मेवाल्याने कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमने तीच चूक आणखी अकरा ठिकाणी शोधून काढली. त्यांतल्या एकाही ठिकाणी मोडताईंचे लक्ष गेले नव्हते. खोटे कशाला बोलू, त्याने काम चोख केले. प्रमुखबाईंनी मोडताईंचे अभिनंदन केले आणि शुक्रवारी त्यांना निरोप दिला. वर उत्तर गेले होते की आता तक्ता पूर्ण झाला आहे.

जाताना त्यांनी विचारले, “सात नंबर मी नेऊ का?” प्रमुखबाई म्हणाल्या, “नियमात बसत नाही हो.” त्यांनी मला फडक्याने पुसले आणि खणात ठेवले. खण बंद झाला तेव्हा मला फार एकटे वाटले. अजूनही वाटते. माझी बॅटरी फुगली आहे, पाठ उचलली गेली आहे, आणि माझ्या पोटातली दोन हजार खोटी माणसे गप्प आहेत. पण मोडताईंनी ती ओळ लिहिली म्हणून मी रागावलेलो नाही. तिचा मला अभिमान वाटतो. तिच्यामुळेच त्या गेल्या, म्हणून तो अभिमान मला नीट मिरवताही येत नाही.

मित्रांनो, माझे एक मागणे आहे. तुमच्या घरी कोणी आजी-आजोबा फोन हातात घेऊन एकाच जागी अडकले असतील, तर “तुम्हाला काही कळत नाही” असे म्हणून फोन ओढून घेऊ नका. त्यांच्या शेजारी बसा, त्यांना काय दिसते आणि काय दिसत नाही ते विचारा, आणि त्यांचे बोट पोहोचेपर्यंत थांबा. आमच्या नवव्या मजल्यावर या कामासाठी एक माणूस ठेवलेले असे. आता ते तिथे नाही.