वाऱ्याकडची बाजू

उस्ताद कावूस यांनी खिशातली सुकी तुती मूठभर काढली आणि शहरनाजच्या हातावर ठेवली. मनिजेने ते पाहिलं. अकरा हिवाळे इराणच्या अलबोर्झ डोंगरांतल्या बर्फात ती उस्तादांबरोबर हौशी गिर्यारोहकांच्या तुकड्या नेत होती, आणि ती तुती आजवर तिच्याच वाट्याला यायची.

"आज पुढे शहरनाज," उस्ताद म्हणाले. "मनिजे, तू शेवटी राहा. मागचं माणूस पक्कं लागतं."

"हो, मागे झाडू मारायला कुणीतरी हवंच," मनिजे म्हणाली. तेहरानहून आलेले चौघे हसले. ती हसली नाही.

शहरनाज अठ्ठावीसची. ऑस्ट्रियात दोन हिवाळे बर्फाचं शिक्षण घेऊन आली होती. तिची पाठ डोळ्यांसमोर ठेवून तीन तास चढताना मनिजेच्या पोटात नुसती आग पेटली होती. पोरीची चाल सुरेख होती, वळणं नेमकी होती. चुकत असती तर बरं झालं असतं.

खिंडीखालच्या उतारापाशी सगळे थांबले. शहरनाजने कडेला खड्डा खणून बर्फाचे थर तपासले. "धरून आहे. एकेक करून जाऊ."

मनिजेला ठाऊक होतं की खड्डा भलत्या जागी खणलाय. वारा दोन दिवस पलीकडून वाहत होता. त्याने आणलेला सगळा बर्फ वरच्या खोबणीत साचला होता, आणि त्याच्याखाली साखरेसारखा भुसभुशीत, वरचं ओझं न पेलणारा थर होता. चार दिवसांपूर्वी तिने तो स्वतःच्या हाताने चाचपला होता. मघाशी पायाखालून थर खचल्याचा 'धप्प' असा दबका आवाजही आला होता.

शहरनाज वळली. "मनिजे खानूम, तुम्हाला काय वाटतं?"

"पुढारी तू आहेस," मनिजे म्हणाली. "मला कशाला विचारतेस?"

शहरनाज उतारावर निघाली. अर्ध्यात पोचली तेव्हा मनिजेच्याने राहवेना. "परत फीर! वरचा बर्फ सुटेल!"

त्याच वेळी वर बर्फात एक बारीक चीर धावत गेली. पुढच्या क्षणी अख्खा उतार खाली निघाला. शहरनाजचा लाल अंगरखा एकदा वर दिसला, मग दिसेनासा झाला.

बर्फ थांबला. उस्तादांनी खोबणीकडे बोट केलं. "वर अजून बर्फ लटकलाय," ते म्हणाले.

"तुम्ही वर नजर ठेवा, काही हललं तर ओरडा. बाकीचे सगळे आपापली यंत्रं शोधावर लावा." मनिजे बोलता बोलताच खाली धावली. शहरनाजच्या अंगावरच्या यंत्राचा इशारा पकडत तिच्या यंत्रावरचे अंतराचे आकडे उतरत गेले: वीस मीटर, नऊ, दोन. तिने लांब सळई बर्फात खुपसली. तिसऱ्यांदा खाली काहीतरी मऊ लागलं. उताराच्या खालच्या बाजूने ती खणू लागली, आणि इतरांनी फावड्यांनी बर्फ मागे ओढला. अकराव्या मिनिटाला चेहरा लागला. ओठ निळे पडले होते. मनिजेने तोंडातला बर्फ बोटाने काढला, आणि शहरनाज खोकली.

गुडघा मोडला होता. फावडी-काठ्यांची घसरगाडी करून तिला त्यावर बांधून गावात आणलं. दवाखान्याच्या दारात उस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "मनिजे नसती तर पोर गेली होती."

तेच शब्द ऐकायला मनिजे दिवसभर तळमळत होती. आता ते तिला ऐकवेनात.

"उस्ताद, तिने मला विचारलं होतं. मला माहीत होतं, तरी मी बोलले नाही."

"का?"

"तुम्ही तिला पुढे केलंत म्हणून."

उस्ताद म्हणाले, "या हिवाळ्यात तू डोंगरावर येऊ नकोस."

आत जाऊन मनिजेने तेच शहरनाजला सांगितलं. ती छताकडे बघत होती. "उतार मी निवडला, खड्डाही मीच चुकीच्या जागी खणला. पण तुम्ही गप्प बसलात हे मी विसरणार नाही."

"विसरू नकोस," मनिजे म्हणाली.

पुढच्या वर्षी दोघी पुन्हा एकत्र निघाल्या. शहरनाज पुढे, किंचित लंगडत, मनिजे शेवटी. ती पाठ बघून पोटात अजून जळायचं. दुसऱ्या वळणावर मनिजे थांबली आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, "डावीकडून नको. तिथे वाऱ्याने बर्फ भरलाय."

शहरनाजने वळून पाहिलं आणि उजवीकडची वाट धरली.