प्रश्न शेवटी घेऊ

सभागृहातले दिवे मालवले गेले आणि ताईचे हात अर्ध्या वाक्यात बुडाले.

तिच्या भावाला, घड्याळजीला, जन्मापासून ऐकू येत नव्हते. आता नजरही कडांकडून आटत चालली होती आणि अंधारात तर काहीच दिसत नसे. उजेडात, अगदी समोरून ओठ थोडे वाचता येत; एरवी खुणांनी बोलणारे ताईचे हात हाच त्याचा जगाशी संवाद. त्याने चाचपडत तिचे मनगट घट्ट धरले.

पडद्यावर त्यांच्याच घराण्याचा आजार झळकत होता. कानांच्या आणि डोळ्यांच्या अशा दोन संस्थांनी मिळून केलेले संशोधन. रक्त मात्र या भावंडांचे. शेंडेफळाचेही, धाकट्या बहिणीचे. तिचे कान लहानपणी तापात गेले, डोळ्यांना काही होणार नाही, असे आई छातीठोकपणे सांगे. ते खरे की खोटे, एवढेच विचारायला दोघे आली होती. खोटे असेल, तर डोळे आहेत तोवर पोरीला स्पर्शाची भाषा शिकवणे भाग होते.

"दिवे लावा," ताई म्हणाली.

"मग पडद्यावरचं दिसणार नाही, मॅडम," कानांच्या संस्थेचे संचालक हसले. "प्रश्न शेवटी घेऊ."

ताईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भावाला हाताशी धरून तिने भिंत गाठली आणि सगळी बटणे दाबली. उजेडात त्याचे हात भराभर चालू लागले.

"तो विचारतोय, धाकटीचं काय निघालं?"

संचालकांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. "निकाल आहे, पण यांच्या संस्थेची संमती..."

"आमची केव्हाच होती!" बाई उसळल्या. " तुम्हीच म्हणालात, आधी लेख छापून येऊ दे."

"तुम्ही काय दारात अडलेले व्याही आहात, आधी तुम्ही, आधी तुम्ही करायला?" ताई कडाडली. "तिकडे पोर मोठी होतेय!"

काय म्हणतात, भावाने खुणेने विचारले. आजवर प्रत्येक वाईट बातमी तिच्याच हातांनी त्याला दिली होती. तिने हात पदरात गुंडाळले.

"मी नाही सांगणार. उजेडात, समोर उभं राहून बोललं, तर त्याला ओठ वाचता येतात. या खाली."

डॉक्टरीणबाई व्यासपीठावरून उतरल्या. "तिलाही... तेच आहे," त्या सावकाश म्हणाल्या.

घड्याळजीने एकच खूण केली.

"कधी कळलं तुम्हाला, विचारतोय."

बाई काहीतरी पुटपुटल्या, पण मान खाली घालून.

"मान वर करा," ताई ओरडली, "त्याला दिसत नाहीये!"