पट्टीवरचं नाव

किटलीचं झाकण खडखडलं तशी मी दचकले, आणि सरावासाठी हातात घेतलेली इंजेक्शनची काचेची कुपी मानेपाशी मोडायच्या ऐवजी मधोमध फुटली. घर अजून झोपेत होतं. बाहेर नारीन नदी गोठलेली, तिचासुद्धा आवाज नाही. मी किटली उतरवली, बोटावरचं रक्त चोखलं आणि काचा वेचायला बसले. सिर्गा चार वर्षांची आहे. उठली की अनवाणीच धावत येते.

"आज किती फोडल्यास?" सासूबाई दारात उभ्या होत्या.

"एकच, एने."

"घरात एक, कॉलेजात एक. माझे चहाचे वाडगे तेवढे लपवून ठेवते आता."

एनेंची थट्टा अशीच असते, चेहऱ्यावरून कळत नाही. माझा नवरा दूर कझान शहरात बांधकामावर आहे. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर सिर्गाला सांभाळायचं एनेंनी कबूल केलं, पण पास होत राहीन तोवरच. नापास झाले की घरी बसायचं, असं ठरलेलं.

पहिल्या वर्षी मी वर्गात वरच्या मुलींत होते. या हिवाळ्यात घसरले. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, घरी आलं की गाय आणि रोटी. अभ्यासाला काय ती पहाट. आणि झोपेतून उठवलं तरी सांगेन इतकं पाठ असायचं, पण कुणी समोर उभं राहून विचारलं की डोक्यात नुसता बर्फ. मी एकटीच नव्हते. शेजारच्या बाकावरची मुलगी प्रत्येक परीक्षेआधी ओकून यायची. माझी मैत्रीण जिबेक हसत म्हणायची, "सुई पुतळ्याला टोचायची असते गं, घाम तुला का फुटतो?" तिच्या स्वतःच्या नखांभोवतीची कातडी कुरतडून लाल झालेली असायची.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी रबरी पुतळा पलंगावर निजवला होता. मनगटाला पट्टी. पट्टीवरचं नाव वाचायचं, मोठ्यानं घ्यायचं, मगच सुई लावायची. मी पट्टी वळवली. जुमाकादिर.

माझ्या सासऱ्यांचं नाव. आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही, बायको नवऱ्याचं. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्या ओठांवर आलं नव्हतं. त्याच नावाच्या दुकानदारालाही मी 'निळ्या दाराचे काका' म्हणते. झोप झालेली असती तर कदाचित घेतलंही असतं. दमलेल्या माणसाच्या तोंडी सवयच येते.

"आजोबा," मी म्हणाले.

"कोणते आजोबा?" आमच्या शिक्षिका रायकान एजे, म्हणजे ताई, म्हणाल्या. "वॉर्ड आजोबांनीच भरलाय, बुरुल."

मागून जिबेक कुजबुजली, "घे ना गं. इथं कोण येतंय ऐकायला?"

मी सिरिंज धरून उभी राहिले. सुईच्या टोकाला आलेला थेंब पडला. मग दुसरा. एजेंनी माझ्या हातातून सिरिंज काढून घेतली.

नंतर बाहेर त्यांनी मला खिडकीपाशी बसवलं. "तुला येत नाही असं नाही. तू थकलीयेस, दिसतंय मला. पण चुकीच्या माणसाला टोचलं तर औषध परत काढून घेता येत नाही. सोमवारी ये. पट्टी हीच असेल. तेव्हाही नाही जमलं, तर मला तुला घरी पाठवावं लागेल."

घरी मी काही बोलले नाही. रात्री सिर्गाला थोपटताना तिला तेवढं सांगितलं. तिला सांगितलेलं कुठे जाणार, असं वाटलं.

रविवारी सगळे चहाला बसलो होतो. बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, रोटी मोडता मोडता विचारलं, "पोरी, तुझ्या त्या परीक्षेचं काय झालं?"

"सोमवारी पुन्हा आहे, बाबा."

"पुन्हा का?"

"आईला नाव घेता येत नाही," सिर्गा लोणी चाटत म्हणाली. "तुमचं."

मी मान खाली घातली. एनेंचा चहा ओतणारा हात थांबला. बाबांनी हातातली रोटी खाली ठेवली. मग ते गादीवर आडवे झाले आणि बाही वर सारली. "सिर्गा, आण गं लोकरीचा धागा. बांध इथं. मी पेशंट."

"घरात असले खेळ नकोत," एने म्हणाल्या.

"खेळ नाहीये हा. विचार, पोरी."

"तुमचं नाव?" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

"जुमाकादिर."

"जुमा..." मी त्यांच्या मनगटावरच्या धाग्याकडे बघितलं. "जुमाकादिर."

"मोठ्यानं. मी बेशुद्ध आहे असं समज." त्यांनी डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनीच बोलत राहिले. "गेल्या हिवाळ्यात छातीत दुखलं, तेव्हा असाच पडलो होतो. सगळं काळं. कुठे आहे ते कळेना. मग कुणीतरी पोरगी लांबून माझं नाव घ्यायला लागली. सारखी घेत होती. त्या आवाजाला धरून मी वर आलो. नर्स होती ती, तुझ्याएवढीच."

"मी तिथंच होते," एने म्हणाल्या. "उशाशी. तुमचा हात माझ्या हातात होता. 'अहो, ऐकताय का' म्हणून मी कधीची हाका मारत होते."

बाबांनी डोळे उघडले. "ते मला ऐकू आलं नाही गं," ते हळूच म्हणाले.

एनेंनी वाडगा खाली ठेवला, कोट चढवला आणि गोठ्यात गेल्या. गाईची धार कधीच काढून झाली होती.

सोमवारी मी पुतळ्याचं मनगट धरलं, पट्टी वाचली आणि नाव घेतलं. आवाज कापला, पण शेवटच्या पलंगापर्यंत पोचला. सुई सरळ गेली. रायकान एजे "पुढची" एवढंच म्हणाल्या, पण माझ्या खांद्यावर हात ठेवून.

घरी आले तर एने चुलीपाशी पाठमोऱ्या.

"घेतलंस?"

"घेतलं, एने."

"हं." थोड्या वेळानं म्हणाल्या, "चहा घे. थंडीतून आलीयेस."

त्या पीठ मळायला लागल्या. आतल्या खोलीत बाबा झोपले होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. एने मधेच थांबायच्या, दाराकडे बघायच्या, त्यांचे ओठ हलायचे. आवाज फुटत नव्हता. मग पुन्हा पीठ.

सिर्गा माझ्या मांडीत येऊन बसली. तिच्या मुठीत कालचा लोकरीचा धागा होता. आजीकडे बघत तिनं विचारलं, "आई, आजी तर अगदी जवळ होती ना? मग आजोबांना तिचं का नाही ऐकू आलं?"