काही नाही म्हणणारे हात

"मावशी, पोट सैल सोडा हं," असं म्हणत त्या मुलाने आपला गारठलेला हात तिच्या पोटावर ठेवला.

ती सैल सोडूनच पडली होती. इतक्या वर्षांत या खाटेवर पोट कसं सोडायचं, श्वास कधी धरायचा, कण्हायचं किती आणि कुठे थांबायचं, हे सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं. मुलाचा हात बेंबीपासून निघाला, डावीकडून वर चढला, मध्ये आला, उजव्या बरगडीखाली सरकला. आणि तिथे थांबला.

तिने डोळे किलकिले करून पाहिलं. मुलगा तिच्याकडे बघत नव्हता, स्वतःच्या हाताकडेही बघत नव्हता. पडद्यावर कुठेतरी नजर लावून तो नुसता उभा होता, शेजारच्या घरातलं बोलणं ऐकत उभं राहावं तसा. मग त्याने हात उचलला, तिच्या अंगावरची चादर सारखी केली आणि पाठ करून आणलेलं हसू तोंडावर आणलं.

"घाबरू नका मावशी. तुमच्या पोटात काही नाही. काळजीने होतंय हे सगळं."

इथे तिने रडायचं असं ठरलेलं होतं. ती रडली. "खरंच ना डॉक्टर? माझ्या आईलाही असंच झालं होतं हो," हे ठरलेलं वाक्यही म्हणाली. मुलाने तिच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचे गुण परीक्षकाने मांडले, आणि घंटा वाजली.

पडद्याआडून पुढची मुलगी आली. नमस्कार, नाव, कधीपासून दुखतंय, जेवल्यावर वाढतं का, सगळं रीतसर झालं. तिचा हात बेंबीपासून निघाला, डावीकडून वर चढला, आणि उजव्या बरगडीखाली थांबला.

"काही नाही मावशी," मुलगी म्हणाली. तिचा आवाज मात्र जरा चिरकला.

आता ही बाई कोण, ते सांगायला हवं. तिचा धंदा आजारी पडण्याचा. वैद्यकीय कॉलेजात डॉक्टर होऊ घातलेल्या पोरांची परीक्षा घ्यायची तर खरे रोगी कुठून आणणार? खरा रोगी कुंथतो, चिडतो, प्रत्येकाला वेगळंच काहीतरी सांगतो. म्हणून खोटे रोगी ठेवलेले. तरुणपणी ती नाटकात किरकोळ कामं करायची, मोलकरणीची नाहीतर शेजारणीची. नाटकं बंद पडली आणि ती इथे आली. कॉलेजात तिला सगळे दुखणेकरीण म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. नवरा बस डेपोत मेकॅनिक होता, आता निवृत्त. संध्याकाळी ती घरी आली की चहाचा कप पुढे करत विचारायचा, "काय, आज कुठल्या रोगाने मेलात?"

तिची ठरलेली केस पोटदुखीची. मोठ्या सरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली. बाई मध्यमवयीन, जेवल्यावर पोटात जड वाटतं, आई पोटाच्याच आजाराने गेली म्हणून भ्यालेली. तपासणीत काही सापडत नाही. पोरांची परीक्षा तपासण्याची नव्हतीच, धीर देण्याची होती. 'काही नाही' हे किती मायेने सांगता येतं, याचे गुण. केस वर्षानुवर्षं तीच, त्यामुळे उत्तर एका बॅचने दुसरीच्या कानात कधीच सांगून ठेवलेलं.

हात थांबायला लागले ते या वर्षी. पहिल्यांदा तिला वाटलं, आपलीच शंकेखोर बुद्धी. मनी वसे ते स्वप्नी दिसे. मग वाटलं, पोरांना तसंच शिकवलं असेल, बरगडीपाशी क्षणभर थांबा म्हणून. मग एका दुपारी सलग सगळी पोरं त्याच जागी थांबली आणि सगळी 'काही नाही' म्हणाली, तेव्हा तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. खोलीत आपण एकटेच आहोत असं वाटावं आणि येणाऱ्या प्रत्येकाने कोपऱ्यात उभ्या असलेल्या कुणाला तरी वळसा घालून जावं, तसं झालं.

घरी तिने स्वतःच दाबून पाहिलं. हात लोण्यावरून फिरावा तसा फिरला. काही म्हणता काही लागलं नाही. पण तिला त्या हाताचा भरवसा वाटेना, कारण त्या हातालाही केस पाठ होती. आणि जेवल्यावर जड वाटायचं ते तर आणखीच विचित्र. ते कागदावरचं की आपलं? इतकी वर्षं तेच वाक्य बोलून बोलून आता तिला पोट खरंच जड वाटत होतं की तोंडाला सवय झाली होती, हे देवालाच ठाऊक.

नवऱ्याला म्हणाली, "अहो, जरा इथे दाबून बघा."

"मला काय कळतंय? इंजिन असतं तर सांगितलं असतं."

"बघा तरी."

त्याने दाबलं. डेपोत आयुष्य घालवलेला खरबरीत अंगठा उजव्या बरगडीखाली आला. मग त्याने हात काढून घेतला, चहाचे कप उचलले आणि मोरीकडे जाता जाता म्हणाला, "काही नाही."

अगदी त्या पोरांसारखंच म्हणाला. मोरीत नळ वाहत होता आणि कप काही विसळून होत नव्हते.

मोठे सर दर वर्षी नव्या बॅचला याच हॉलमध्ये एक व्याख्यान देत, आणि ती पडद्याआड डुलक्या काढत ते ऐकत असे. माणसाला एखादी गोष्ट कळते कशी, यावर. सर म्हणत, "कुणी थोराने सांगितली म्हणून कळते. पूर्वापार चालत आली म्हणून कळते. आपल्या मनाला वाटली म्हणून कळते. या तिन्ही वाटा सोप्या, आणि तिन्ही माणसाला खड्ड्यात घालतात. चौथी वाट कंटाळवाणी आहे. स्वतः बघायचं. ज्यात ती गोष्ट नाही असंही एक घेऊन त्याच्याशी ताडून बघायचं. आणि ज्याला आपलं उत्तर ठाऊक नाही अशा माणसाला बघायला लावायचं. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, पण पाचहीजण एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलत असतील तर तो परमेश्वर काय कामाचा?" पोरं हसत. तीही झोपेतल्या झोपेत हसे.

आता तिला ते शब्द न् शब्द आठवले. सरांचंच औषध सरांच्याच हॉलमध्ये घेऊन बघू, असं तिने ठरवलं.

तिची धाकटी जाऊही इथेच काम करी, गुडघेदुखीचं. तोंडाने फटकळ, मनाने कापूस. परीक्षेच्या पुढच्या दिवशी त्याच पोरांच्या सकाळ-दुपार अशा दोन फेऱ्या होत्या, तेव्हा तिने जावेला बाजूला घेतलं. "आज सकाळी माझ्या खाटेवर तू झोप. केस सोपी आहे, रडायचं तेवढं नीट रड."

"अहो ताई, मी रडले की हसू येतं लोकांना."

"येऊ दे. झोप."

पडद्याच्या फटीतून ती बघत राहिली. तीच पोरं, तीच घंटा, तीच वाक्यं. हात बेंबीपासून निघत, वर चढत, उजव्या बरगडीखालून सरळ पुढे जात. एकही थांबला नाही. जाऊ रडली ते खरोखरच हसू येण्यासारखं होतं, पण तिला हसू आलं नाही. म्हणजे थांबायला कुणी शिकवलेलं नव्हतं.

दुपारी ती खाटेवर आणि जाऊ पडद्याआड. "काय बघायचं ते तर सांगा," जाऊ म्हणाली.

"ते सांगणार नाही. नुसतं बघ. मग तूच मला सांग."

तिने डोळे मिटून घेतले. आपण बघतो म्हणून पोरं बिचकत असतील, तर तेही नको. अंधारात एकामागून एक हात येत गेले. कुणाचा गार, कुणाचा घामेजलेला. कोण मुलगा, कोण मुलगी, तिला कळत नव्हतं. ती बाजूला पडल्यासारखी झाली होती, आणि ते हात तिच्या पोटातल्या कुणाशी तरी परस्पर बोलून जात होते.

जेवणाच्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा जाऊ पडदा सारून आत आली. तोंड पांढरंफटक पडलेलं.

"अहो ताई, ती पोरं तुमच्या त्या एकाच जागेपाशी का हो थांबतात? सगळीच्या सगळी? मला तर बघून पोटात गोळाच..." आणि तिने चटकन जीभ चावली. मग खाटेच्या कडेवर बसून, तिचा हात धरून, जाऊ खरीखुरी रडली. या वेळी कुणाला हसू आलं नसतं.

मोठे सर हॉलच्या टोकाला डबा उघडून बसले होते. सर वाईट नव्हते. तिच्या मुलीच्या लग्नाला येऊन पंगतीत वाढलंसुद्धा होतं त्यांनी. तिने जे झालं ते सगळं सांगितलं. सकाळचं, दुपारचं, जावेचं.

सर मनापासून हसले. "बाई, तुमच्या पोटात काय आहे ते मला विचारा! ती केस मी लिहिली आहे."

"सर, तुम्हीच सांगता ना, स्वतः बघा म्हणून. एकदा हात लावून बघा."

"परीक्षेच्या मध्येच? अहो, नाटक अंगात भिनलंय तुमच्या. चांगल्या नटीचं असंच होतं. आजवर एवढ्या पोरांनी तुम्हाला तपासलं, एकाने तरी काही लिहिलंय? पाचामुखी परमेश्वर, बाई! जा, जेवून घ्या."

हे वाक्य त्यांच्याच तोंडून आलं आणि त्यांना ते ऐकूसुद्धा आलं नाही. तिला राग आला नाही, भीती वाटली. एवढा शहाणा माणूस, एवढा जवळ बसलेला, आणि हात पुढे करेना.

बाहेर बेसिनपाशी ती चिरक्या आवाजाची मुलगी हात धूत होती. धुऊन झालेले हात ती पुन्हा धुवायला लागली, तेव्हा दुखणेकरीण तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"बाळ, तुझ्या हाताला काही लागलं होतं का गं?"

मुलीने नळ बंद केला. "लागलं होतं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दोन्ही वेळा. मला वाटलं, माझाच हात चुकतोय. बाकी कुणालाच लागलं नाही ना."

"बाकीच्यांना विचारलंस?"

मुलीने नकारार्थी मान हलवली. विचारलं नव्हतं. कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या हाताला खोटं ठरवलं होतं आणि घंटा वाजली की बाहेर पडून डबा खाल्ला होता.

"उत्तर 'काही नाही' आहे मावशी. सगळ्यांना माहीत आहे. दुसरं लिहिलं असतं तर नापास झाले असते मी." तिचे डोळे भरून आले. "तुम्ही दाखवा कुणाला तरी. पण इथे नको. ज्याला ही केस ठाऊक नाही अशा कुणाला तरी."

घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या जरा लांबच्या दवाखान्यात जाऊ या म्हणते." त्याने कशाला म्हणून विचारलं नाही. सकाळी ती उठली तेव्हा तो स्कूटर पुसून, पेट्रोल भरून, शर्टाला इस्त्री करून तयार बसला होता. त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नव्हता, ते त्याच्या तोंडावरून दिसत होतं. आपल्या माणसाला पहिल्याच दिवशी कळलं होतं, हे तिला तेव्हा उमगलं. त्याला दोष द्यावा असं तिला वाटलं नाही. 'आहे' म्हणायला त्याची जीभ उचलली नसेल, एवढंच.

तो दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता. बाकावर खरे रोगी बसले होते. खोकत होते, पेंगत होते, एकमेकांच्या अंगावर कलत होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. यातल्या एकालाही आजारी दिसता येत नव्हतं. तिचा नंबर आला. नवरा बाहेरच थांबला.

डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्याने मान वर केली. "काय होतंय?"

तिने तोंड उघडलं. जेवल्यावर पोटात जड वाटतं, हे जिभेवर आलं. माझ्या आईलाही असंच झालं होतं, हेही आलं. गळ्यात हुंदकासुद्धा वेळेवर येऊन उभा राहिला. तिची आई तर ठणठणीत होती, म्हातारपणी झोपेत गेली. तिने ते सगळं गिळून टाकलं. मग आत बघितलं, तर सांगण्यासारखं स्वतःचं असं एकही वाक्य तिला सापडेना.

"काय होतंय, बाई?" डॉक्टरने पुन्हा विचारलं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा. आणि हाताला लागेल तेच सांगा."

त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि खाटेकडे बोट केलं. ती झोपली. या वेळी पोट सैल सोडायला तिला फार वेळ लागला. हात बेंबीपासून निघाला, डावीकडून वर चढला, उजव्या बरगडीखाली आला. थांबला. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने दुसरा हात पहिल्यावर ठेवला, हळूच दाबलं, पुन्हा दाबलं, आणि हात उचललाच नाही.

"इथे काहीतरी आहे," तो म्हणाला. "आधी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. ते पुसावं असं तिला वाटलं नाही.

"बरं झालं," ती म्हणाली.

डॉक्टरला काही कळलं नाही. त्याने पायाने स्टूल ओढलं आणि हात तसाच ठेवून तो तिच्याजवळ बसला.