हमखास

पंतनगरच्या आमच्या इमारतीत मी अठरा वर्षं भिशी चालवली. त्याआधी परळच्या चाळीत पंचवीस. आमचे हे, काशीराम, गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडली, माझी भिशी मात्र एक महिनासुद्धा थांबली नाही. चाळीतल्या बायका म्हणायच्या, वनमालाकडचे पैसे म्हणजे हमखास. त्या शब्दाचा मला फार अभिमान होता. आता तो कुणी उच्चारला तरी मी दुसरीकडे बघते.

गेल्या जानेवारीत नातू, देवेश, जेवताना म्हणाला, "आजी, दोन रस्ते आहेत."

शेअरबाजारात आठ वर्षं नोकरी केलेला मुलगा. मालाडच्या एका कंपनीनं त्याला बोलावलं होतं. ती स्वतःच्याच पैशांनी सौदे करते, बाहेरच्या कुणाचा रुपया घेत नाही. दुसरा रस्ता म्हणजे मित्राबरोबर, सुशांतबरोबर, स्वतःचा हेज फंड काढायचा. लोकांचे पैसे घ्यायचे, बाजारात वाढवायचे, नफ्यात आपला वाटा.

"म्हणजे भिशीच की," मी म्हटलं.

तो हसला. "हो, भिशीच. तुझ्यापेक्षा जरा मोठी."

त्यानं थट्टा केली आणि मी ती खरी धरली.

"मग विचार कसला करतोस, झिला? आजोबांचा जन्म दुसऱ्याच्या मागावर गेला. तू मालक हो."

"बघू. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय."

त्याच आठवड्यात आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण देता देता मी प्रत्येकीला सांगितलं, आमचा देवेश फंड काढतोय. तेवढ्यानं भागलं नाही. बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी फोनमध्ये बोलून निरोप टाकला: देवेशच्या फंडात पैसे घालायचे असतील त्यांनी वनमालाकडे आणून द्यावेत, हमखास वाढून मिळतील.

आठ घरांतून पैसे आले. चौथ्या मजल्यावरच्या उत्तराबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, त्यांनी तर मुदतठेव मोडली. सगळं मी कपाटात ठेवलं. देवेशला एकदम दाखवायचं होतं.

एके दिवशी तो भर दुपारी घरी आला. हातातल्या फोनवर माझाच निरोप होता.

"हे तू लिहिलंस?"

"मी बोलले. लिहिलं फोननं."

तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला. "आजी, अशा फंडात एकेकाकडून कमीत कमी एक कोटी घ्यावे लागतात. असे घरोघरचे पैसे गोळा करता येत नाहीत. आणि हमखास म्हणायचं तर नाहीच. बाजारात पैसे बुडतातही."

"पण तू भिशी म्हणालास ना?"

त्याला यावर रागावता आलं असतं. तो नुसता कपाळ चोळत बसला. निरोप या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जात सुशांतच्या ओळखीच्या माणसापर्यंत पोचला होता. तोच त्यांच्या फंडात पहिले पैसे घालणार होता. त्यानं हात काढून घेतला, आणि मग सुशांतनंही. उरली मालाडची नोकरी.

"तुला दोन्हींतलं काय करायचं होतं?" मी विचारलं. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायला हवा होता. मी सल्ला देऊन मोकळी झाले होते.

"ठरलं नव्हतं गं अजून," तो म्हणाला. "ठरवायचं होतं."

रविवारी सकाळी पैसे परत द्यायला निघाले. माझे गुडघे दुखतात म्हणून देवेश बरोबर आला. मी बेल वाजवायची, तो लिफ्टपाशी थांबायचा. खालच्या मजल्यांवर कुणी फार विचारलं नाही. "बेत बदलला," एवढं म्हणून मी पाकीट देत होते.

उत्तराबाईंनी मात्र पाकीट घेतलं आणि दार धरून उभ्या राहिल्या. "अहो वनमालाताई, मी उगाच व्याज घालवलं. आता फंड काढत नाही म्हणतो? ऐनवेळी घाबरला वाटतं मुलगा."

मी सांगायला हवं होतं. देवेश दहा पावलांवर होता. पण त्रेचाळीस वर्षांत एकाही बाईनं माझ्या हातून असं तोंड करून पैसे घेतले नव्हते, आणि त्या क्षणी मला माझंच नाव दिसलं.

"हो, जरा घाबरलाच," मी म्हणाले.

दार बंद झालं. मी वळले. देवेश लिफ्टचं बटण दाबून धरून उभा होता. त्यानं ऐकलं होतं, हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

"चल," तो म्हणाला. "पाचवा मजला राहिलाय."

पाचव्या मजल्यावर मी खरं सांगितलं. चूक माझी, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. तिथली बाई म्हणाली, असू दे हो, चहा घ्या. देवेशनं चहा घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही.

तो आता मालाडला जातो. काम आवडतं म्हणतो, आणि मी पुढे विचारत नाही. उत्तराबाई खाली भेटल्या की त्याची चौकशी करतात. आवाज जरा हलका करून, आजाऱ्याची करतात तशी. मी बरं आहे म्हणते. त्यांची बेल वाजवून ते एक वाक्य सांगायचं आहे. चौथ्या मजल्यावर जायचं अजून झालेलं नाही.