दिव्याखालचं पाणी

एल्विराआजीनं मडक्यातलं पाणी वाटीत ओतलं आणि वाटी दिव्याच्या बरोबर खाली ठेवली.

मारिबेलनं वहीतून मान वर केली. "आजी, ही मेणबत्ती नाही गं. सोलरचा दिवा आहे. यातून ठिणगी पडत नाही."

"नाही तर नाही. पाणी काय खायला मागतंय?"

दारात जाळं उकलत बसलेला मारिबेलचा बाप फ्रोइलान हसला नाही. "पाणी ठेव आई, हवं तर अख्खं तळं आण. पण झोप. तू टक्क जागी बसतेस, म्हणून ही पोरगी लवकर दिवा मालवते. गणितं तशीच राहतात. शाळेतल्या बाई दोनदा बोलल्या मला. उद्या हिला शहरात, पुनोला, माझ्या ताईकडे शिकायला सोडतो. हिचं गाठोडं नावेत ठेवलंय."

आजी घोंगडीची घडी पुन्हा घालत राहिली.

घर तोतोरा गवताचं, अंथरूण गवताचं, आणि तळ्यावर तरंगणारं अख्खं बेटही त्याच वाळक्या गवताचं. आजीच्या लहानपणी मेणबत्ती लावली की कोणीतरी वाटीभर पाणी घेऊन शेजारी जागं बसायचं. मग अंधारातून हाक यायची, "विझली!" पुढच्या घरातून उत्तर, "विझली!" मेलितोनमामाची घोगरी, मामीची भांडण अर्धवट सोडून आल्यासारखी. सगळ्या घरांची हाक आली की बेट झोपायचं. हाकेवरूनच कळायचं, कोणाला सर्दी झालीय, कोण रुसलंय.

एकदा एल्विराच्या घरातून हाक गेली नाही. राखणीला बसलेल्या आईचा डोळा लागला होता. माणसं वाचली. वडलांनी घराखालचा तुकडा बेटाला बांधणारे दोर कापले आणि पेटलेलं घर तळ्यावर सोडून दिलं. ते दूर जाईपर्यंत त्याच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे दिसत होते. एल्विरा तेव्हा मारिबेलएवढी होती.

छपरावर सोलर पॅनेल आलं तशा हाका थांबल्या. काजळी गेली, डोळ्यांची चुरचुर गेली, मेणबत्त्यांसाठी वादळवाऱ्यात नाव काढणं गेलं. आजीला हे सगळं पटत होतं. फक्त दिवा चालू असताना तिचा डोळा लागत नव्हता.

मारिबेलनं अंथरुणातली एक वाळकी काडी उपसली आणि सरळ दिव्याला लावली.

"वेडी झालीस का!" आजीनं वाटी उचलली. अर्धं पाणी चटईवर सांडलं.

काडी तशीच राहिली. भिंतीवर तिची लांब सावली तेवढी पडली.

"आता तू लाव. सावकाश. मी आहे ना जवळ," मारिबेल म्हणाली. तिला वल्हं धरायला शिकवताना आजी हेच म्हणाली होती.

आजीनं काडी घेतली. दिव्याला लावून धरली. काही वेळानं तिनं काडी टाकली आणि बोटच टेकवलं.

"कोमट आहे. बदकाच्या अंड्यासारखा."

"ताज्या?"

"मग काय शिळ्या? शिळं अंडं कोण कुरवाळत बसतं!"

जाळ्यावर वाकलेल्या फ्रोइलानचे खांदे हलले.

आजी अंथरुणावर टेकली. वाटीत उरलेल्या पाण्याकडे तिनं जरा वेळ पाहिलं. मग ते पिऊन टाकलं, वाटी पालथी घातली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मारिबेलनं शेवटचं गणित सोडवलं, ताळा करून पाहिला आणि दिवा मालवला. आजीनं कितीदा तरी सांगितलेली ती हाक तिनं हळूच दिली.

"विझली!"

आजीकडून उत्तर आलं नाही. अंधारात तिचं संथ घोरणं ऐकू येत होतं.

"विझली," बाहेरून फ्रोइलान दबक्या आवाजात म्हणाला. नाव एकदा पाण्यावर हलली. मग तो आत आला आणि हातातलं गाठोडं पालथ्या वाटीशेजारी ठेवलं.