पोपची रजई

पोप गेला की त्याचं घर लुटायचं, हा आमच्या रोमचा रिवाज. चोरी नव्हे हं ती. गेलेल्याला सामान कशाला लागतंय? आणि अलीकडे पोप इतक्या झपाट्याने जात होते, कुणाचा गळा दाबलेला, कुणी कोठडीत, कुणी अचानक पोटदुखीने, की आमच्या गल्लीतली घरं नुसती भरून गेली होती.

माझं सोडून. मी धोबीण बोनिझा, दर वेळी पोचायची ती सगळं उरकल्यावर. त्यापायी माझ्या लेकीचं, आत्रियाचं, लग्न अडलं होतं. होणारी विहीण इमिलिया मासे विकते, पण तोरा राणीचा. "आमच्याकडे एका पोपचा बाक, एकाची परात. सून काय हात हलवत येणार? निदान पोपची रजई तरी आण. मला मुली काय कमी आहेत?" आणि पोरीचा तर तिच्या मुलावर जीव जडलेला.

म्हणून त्या सकाळी पोपच्या वाड्याचा द्वारपाल चांदीची मेणबत्तीदानं काखेत मारून पळताना दिसला, तशी मी ओले कपडे तिथेच टाकून धूम ठोकली. द्वारपाल पळाला म्हणजे पोप गेला, हे इथे कुणालाही कळतं.

निजायच्या खोलीत पहिली मीच. पलंगावर जाड लोकरीची रजई. टोक धरून ओढली, तर आतून कुणीतरी परत ओढली.

"अगं, थंडी वाजते ना," पोप म्हणाले.

मी किंचाळलेच. "बाबा! तुम्ही गेला नाहीत?"

"अजून तरी नाही. जरा ताप चढला, तर द्वारपालाला घाई झाली. बाहेर काय चाललंय?"

"तुमचा बाक चाललाय, बाबा."

तेवढ्यात इमिलिया आत घुसली आणि तिने रजईचं दुसरं टोक पकडलं. "बघत काय बसलीस? ओढ!"

"जिवंत आहेत गं!"

"मग काय झालं? संध्याकाळपर्यंत जातीलच की!"

म्हातारा थंडीने कुडकुडत होता. मला भयंकर राग आला, तिचाही आणि माझाही. मी तिच्या हातावर चापट मारली आणि ओरडले, "पोप जिवंत आहेत!" जिन्यावर एकच धांदल उडाली. जो तो सामान टाकून पळाला.

"मोडली सोयरीक!" जाता जाता इमिलिया म्हणाली.

"कुणाची सोयरीक?" बाबांनी विचारलं. मी रडत रडत सगळं सांगितलं. ते हसले. "मग मी गेलो की रजई तुझ्या लेकीची. पण तोवर खायला तूच आणायचंस. इथल्या स्वयंपाकघरातलं मी खात नाही. आधीच्यांनी खाल्लं होतं."

हे कळल्यावर इमिलिया थांबायला तयार झाली. रोज दाराशी येऊन कुजबुजायची, "काय, आटोपलं का?" आत्रिया घरी कोंबडीचं सूप करायची, मी ते बाबांना भरवायची. ज्यांच्या जाण्यावर लेकीचं लग्न अडलेलं, त्यांनाच आम्ही मायलेकी जगवत होतो.

आज ते आपले आपण उठून बसले. वाडगा चाटूनपुसून म्हणाले, "अजून आहे का गं?"

दारातून इमिलिया फिसकारली, "असं खाऊ घालत राहिलीस तर लग्न कधी व्हायचं?"

"होईल तेव्हा होईल," मी म्हटलं, आणि वाडगा काठोकाठ भरला.